वडिलांनी खाल्लेला तुकडा

रोझेन केर्लिदूचे वडील सतरा वर्षांत तिच्या दुकानाची पायरी चढले नव्हते. चढले ते नेमके चढायला नको त्या दिवशी. मी तेव्हा दुकानात होते, म्हणून सांगू शकते. त्या घरातलं दुसरं कोणी तोंड उघडणार नाही.

माझं नाव आर्मेल. माझी आई आणि आजी सार्डिन माशांच्या कारखान्यात डबे भरत. मी पाव विकत आले. आधी खाली बंदरावर केर्लिदूंच्या बेकरीत, म्हणजे रोझेनच्या वडिलांकडे, अकरा वर्षं, आणि ती बेकरी बंद झाल्यावर वर प्लोआरे वस्तीच्या चढावर रोझेनकडे. म्हणून बापालाही मी ओळखते आणि लेकीलाही. दोघंही एकाच मातीचे, हे मी दोघांनाही कधी सांगितलं नाही.

गुलवेन केर्लिदू, म्हणजे रोझेनचे वडील, आमचे मालक, हे आमच्या दुआर्नने गावात मोठं नाव होतं. पाव काय, सगळेच भाजतात, पण त्यांचा क्विन-अमान घ्यायला कँपेर शहराहून लोक यायचे. क्विन-अमान म्हणजे पावाचंच पीठ, त्यात डोळे पांढरे होतील इतकं खारं लोणी आणि तेवढीच साखर. लाटायचं, घडी घालायची, पुन्हा लाटायचं, पुन्हा घडी. भट्टीत साखर जळायच्या जरा अलीकडे थांबते, वरून काचेसारखी कडक होते आणि आत लोणी पाझरत राहतं. मालक पिठात मीठ घालतच नसत. म्हणायचे, मीठ लोण्यातून यायला हवं. जिभेवर आधी साखर, आणि गिळताना मागून मीठ. ते मागून आलं नाही तर तो क्विन-अमान नाही, नुसता गोड पाव.

रोझेन सोळाव्या वर्षी बापाच्या हाताखाली लागली. अठरा वर्षं तिने त्या तळघरात काढली. पाव ती करायची, अंडी-लोण्याचा मऊ ब्रिओश ती करायची, सणाच्या चपट्या गॅलेट ती करायची. क्विन-अमानला मात्र मालक तिला हात लावू देत नसत.

"बाईचा हात गरम," ते म्हणायचे. "लोणी वितळतं. घड्या राहत नाहीत, चिखल होतो."

"मी हात गार पाण्यात बुडवून घेते, पापा."

"पाण्याने कातडी गार होते. रक्त गार होतं का?"

कामगार हसायचे. रोझेनही हसायची, कारण तिथे न हसून चालत नसे. पण ती शेजारी उभी राहून बघायची. अठरा वर्षं बघितल्यावर दगडालासुद्धा ते काम आलं असतं.

तिचा धाकटा भाऊ मालो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याचे हात गार होते हे खरं. रोझेन म्हणायची, मेलेल्या माशासारखे आहेत. तो कामाला उशिरा यायचा आणि लवकर जायचा. पण क्विन-अमान त्याला शिकवला गेला.

मालकांना त्रेसष्ट वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी दुपारी दुकान बंद झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना सफरचंदाची सायडर पाजली. तिथेच, पिठाच्या टेबलापाशी, ते म्हणाले, "जानेवारीपासून दुकान मालोचं. कागद झाले आहेत." मग रोझेनकडे बघून म्हणाले, "तू आहेसच. तुझ्याशिवाय त्याचं काय चालणार आहे?"

मी रोझेनकडे बघत होते. तिने ग्लास खाली ठेवला, अॅप्रन काढून त्याची नीट चौघडी केली आणि टेबलावर ठेवली.

"चालवू दे," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली. तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.

आठ महिन्यांनी तिने वर चढावर स्वतःचं दुकान काढलं. ती जागा आधी एका चांभाराची होती. सरकारी चाळींच्या समोर, बसथांब्याच्या पलीकडे, एक दार, एक खिडकी, आत तीन खुर्च्या. भिंतीत वर्षभर चामड्याचा वास होता. तिने पहिल्या दिवसापासून क्विन-अमान केला, आणि पिठात मीठ न घालताच केला.

तिचा क्विन-अमान कसा होता, हे मी सांगायचं म्हणजे घरचीच साक्ष झाली. पण मी दोघांचेही खाल्लेत. मालकांचा चांगला होता. रोझेनचा खाताना माणूस बोलायचा थांबायचा.

हे मालकांच्या कानावर जात नव्हतं असं नाही. आमचं गाव केवढं? बंदरावरच्या बारमध्ये लोक मुद्दाम काढायचे. "गुलवेन, लेकीचा खाल्लास का? परवा मी खाल्ला. सांभाळ रे बाबा." त्यावर मालक म्हणायचे, "गरम हाताचं मी तोंडात घालत नाही," आणि लोक हसायचे. पहिल्यांदा हसले तेव्हाच ते वाक्य त्यांच्या गळ्यात पडलं. मग दरवेळी तेच बोलावं लागलं.

मालोने दुकान सहा वर्षांत बंद केलं. आधी गोठवलेला माल आणायला लागला, मग उन्हाळ्यापुरतं उघडायला लागला, मग आइस्क्रीमवाल्याला विकून नाँत शहरात गेला, बायकोच्या माहेरी. मला त्याने शुक्रवारी सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस. त्याच सोमवारी रोझेनने मला बोलावून घेतलं. तिने मालोबद्दल एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पापा कसे आहेत?"

"दुकानासमोर उभे होते सकाळी. पाटी काढताना."

तिने मान हलवली आणि मला अॅप्रन दिला.

तेव्हा तरी ते येतील असं तिला वाटलं असावं. मलाही वाटलं होतं. आले नाहीत. रोझेनची आई, ओदेत, होती तोवर दर रविवारी वर यायची आणि एक लहान क्विन-अमान घरी न्यायची. ती एकटीच खायची. समोर बसून मालक पाव आणि चीज खायचे. ओदेत गेल्यावर रोझेन माझ्या हाती पाठवायला लागली. पहिल्या रविवारी मालकांनी दार अर्धं उघडलं, पुडा बघितला आणि म्हणाले, "आर्मेल, तू भली बाई आहेस. हे समुद्रपक्ष्यांना घाल."

मी घातला नाही. घरी नेऊन खाल्ला. रोझेनला सांगितलं की त्यांनी घेतला. चार-पाच रविवार असं चाललं. मग एकदा तिने विचारलं, "काय म्हणाले?" आणि मला पटकन काही सुचलं नाही. तिने तिथेच ओळखलं. पुन्हा काही पाठवलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते. ऑक्टोबरची शेवटची तारीख होती. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, म्हणजे गावातली माणसं बाहेरगावाहून येणार, शेवंतीच्या कुंड्या घेऊन वर कबरस्तानात जाणार आणि परतताना आमच्याकडून क्विन-अमान नेणार. रोझेनकडे बारा मोठ्या क्विन-अमानची ऑर्डर होती, शिवाय सुटे तुकडे. तिला सर्दी झाली होती, नाक चोंदलं होतं. पहाटे ती एकटीच घड्या घालत होती.

लोणी दुग्धशाळेतून पाच-पाच किलोच्या लाद्यांत येतं. आदल्या दिवशी गाडीवर नवा माणूस होता. त्याने चुकून बिनमिठाच्या लाद्या टाकल्या. कागद सारखाच, फक्त कोपऱ्यातलं लेबल वेगळं. सतरा वर्षांत कधी न चुकलेली गोष्ट कोण तपासून बघतो?

दहा वाजता काराडेकबाई आल्या. निवृत्त मास्तरीण, जिभेने तिखट. त्या खिडकीपाशी बसून एक तुकडा खातात आणि मग जगाबद्दल बोलतात. त्या दिवशी एक घास खाल्ला, चावता चावता थांबल्या.

"रोझेन, हा तू ब्लडप्रेशरवाल्यांसाठी काढलायस का?"

रोझेन मागून पुढे आली. "काय झालं?"

"मीठ नाही गं. एक कण नाही."

रोझेनने बशीतला कोपरा तोडून तोंडात घातला. नाक बंद असलं तरी मीठ जिभेला कळतं. मागे गेली, लादीचा कागद घेऊन आली, माझ्यासमोर धरला. मी चष्मा लावून वाचलं.

"बाराच्या बारा?" मी विचारलं.

"बाराच्या बारा."

तिला मी रागावताना पाहिलंय, पण त्या दिवशी ती रागावली नाही. सगळे क्विन-अमान मागच्या टेबलावर ओळीने लावले, मला म्हणाली, "ऑर्डरवाल्यांना फोन कर, दुपारी चारनंतर या म्हणावं," आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून खाऱ्या लोण्याच्या होत्या तेवढ्या वड्या उचलून आणल्या. नवं पीठ मळायला घेतलं. काराडेकबाईंनी आपल्या परीने मदत केली, म्हणजे जे कोणी आत येईल त्याला सगळी हकीगत सांगितली.

साडेअकराच्या सुमाराला त्या गेल्या. दुकानात कोणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि दाराची घंटी वाजली.

गुलवेन केर्लिदू दारात उभे होते. चांगला कोट, मफलर, हातात काठी. एक्क्याऐंशीव्या वर्षी तो चढ चढून आल्यामुळे धाप लागली होती. एका हाताने त्यांनी दाराची चौकट धरली होती.

"मालक," मी म्हटलं. 

"ओदेतच्या कबरीवर कुंडी ठेवून आलो," ते म्हणाले. "उद्या गर्दी असते. रोझेन आहे?"

ती मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. कोपरापर्यंत पीठ. ती बापाकडे अशी बघत होती की जणू कोणी तरी मेल्याची बातमी घेऊन आलंय.

"बसा, पापा."

ते खिडकीपाशी बसले. खोली बघितली, खुर्च्या बघितल्या, भिंतीवर आईचा फोटो होता तोही बघितला. मग म्हणाले, "मालो सोमवारी न्यायला येतोय. नाँतला. त्यांच्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, तिथे खोली मिळाली."

"मला कोणी सांगितलं नाही."

"आता मी सांगतोय ना." काठी त्यांनी दोन गुडघ्यांमध्ये उभी केली. "जायच्या आधी म्हटलं, तुझा क्विन-अमान खाऊन बघावा."

सतरा वर्षं ती हे वाक्य ऐकायला थांबली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"आज नको, पापा," ती म्हणाली. "उद्या या. नाहीतर दुपारी चारला, मी आर्मेलबरोबर घरी पाठवते. गरम."

"आज का नको?"

"आजचा बिघडलाय."

मालक हसले. "सगळे बेकरीवाले हेच म्हणतात. माझ्या तळघरात अन्नखात्याचा इन्स्पेक्टर आला होता तेव्हा मीही हेच म्हटलं होतं."

"खरंच बिघडलाय. लोणी—"

"रोझेन." त्यांनी हात वर केला. तोच जुना हात, तळघरात सगळ्यांना गप्प करणारा. "हा चढ मी पुन्हा चढणार नाही. एक तुकडा दे. जसा असेल तसा."

ती उभीच राहिली. तिने स्पष्ट सांगायला हवं होतं की त्यात मीठ नाही. मी नंतर पुष्कळदा विचार केला, का नाही सांगितलं? मला वाटतं, बापापुढे, लोणी तपासलं नाही, हे कबूल करायची तिला लाज वाटली. सोळा वर्षांच्या मुलीला वाटावी तशी. किंवा तिने असा हिशेब केला असेल की मीठ नसलं तरी घड्या तर आहेत, साखरेची काच तर आहे. जाणता माणूस मीठ वगळून बाकीचं बघू शकतो.

तिने मागे जाऊन एक कापला. मधला तुकडा काढला, बशीत ठेवला, बापासमोर ठेवला. स्वतः हात पुसत उभी राहिली.

मालकांनी आधी तुकडा उचलून उजेडात धरला, बाजूने घड्या बघितल्या. बोटाने वरची साखर वाजवली. ती वाजली. मग चावा घेतला. डोळे मिटून चावत राहिले, सावकाश, खूप वेळ. दुसरा घास. तिसरा. सगळा तुकडा संपवला आणि बोटं रुमालाला पुसली.

"घड्या मोकळ्या आहेत," ते म्हणाले. "खालची बाजू जळलेली नाही."

रोझेन थांबली होती.

"आणि मीठ," ते म्हणाले, "मीठ अगदी बरोबर पडलंय. मागून येतं. असंच यायला पाहिजे."

मला आधी वाटलं, टोमणा मारताहेत. रोझेनलाही तेच वाटलं असणार, कारण तिची मान एकदम लाल झाली. पण मालकांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे जरा भरले होते. त्यांना ते बोलायला कष्ट पडले होते, आणि बोलून झाल्याचं समाधान वाटत होतं.

"मी तुला हात लावू दिला नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं. तुझा माझ्याइतकाच चांगला झालाय."

रोझेनने बशी उचलली. "कॉफी घ्याल?" तिचा आवाज नेहमीसारखाच होता.

"घेईन. साखर एक चमचा."

ती यंत्रापाशी गेली. मी तिथेच उभी होते, म्हणून तिने काय केलं ते मला दिसलं. साखरेच्या डब्याला तिने हात लावला नाही. फळीवरची खड्या मिठाची बरणी काढली, त्यातला भरलेला चमचा कपात टाकला, ढवळत राहिली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी कपाखाली बशी सरकवली.

मालक कॉफी प्यायले. दोन घोट, मग तिसरा. मिशा पुसल्या. "गरम आहे," ते म्हणाले. "चांगली आहे."

रोझेनने त्यांना पुरा कप पिऊ दिला नाही. "गार झाली असेल, द्या इकडे," असं म्हणून काढून घेतला. मग त्यांच्या कोटाचं वरचं बटण लावलं. "आर्मेल, यांना थांब्यापर्यंत सोडून ये."

"सोमवारी येशील का निरोप द्यायला?" त्यांनी विचारलं.

"बघते, पापा."

थांबा रस्त्याच्या पलीकडेच, पण आम्हाला तिथवर जायला बराच वेळ लागला. बाकावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिचा चेहरा का उतरला? मी काही चुकीचं बोललो?"

"मालक," मी म्हटलं, "तुम्हाला चव कधीपासून लागत नाही?"

ते चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. काठीच्या टोकाने रस्त्यावरची पानं बाजूला सारत बसले.

"दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना सगळ्यांना. वास गेला, चव गेली. दोन्ही परत येतील म्हणाले, आली नाहीत. कँपेरच्या डॉक्टरने सगळ्या तपासण्या केल्या." मग म्हणाले, "कशावरून ओळखलंस?"

त्यांना खरं सांगायचं माझ्या जिवावर आलं. "तुम्ही कॉफीला चांगली म्हणालात," मी म्हटलं. "आमची कॉफी कोणी चांगली म्हणत नाही."

ते हसले. बस चढाच्या वळणावर दिसली तेव्हा बोलायला लागले, भराभर, पुन्हा संधी मिळणार नाही असं समजून.

"जीभ धड होती तोवर धीर झाला नाही, आर्मेल. ओदेत दर रविवारी माझ्यासमोर बसून खायची. वास यायचा. वासावरून मला कळत नव्हतं होय? पन्नास वर्षं ते केलंय मी. मला कळत होतं की तिचा जास्त चांगला आहे. तोंडात घातला असता तर नाही म्हणता आलं नसतं. मग दुकान मालोला का दिलं, हे कोणीतरी विचारलं असतं. तिनेच विचारलं असतं. आणि आज..." ते उठले. "आज काय, लाकूड खाल्लं तरी सारखंच. आता चांगला म्हणायला सोपं जातं. तिला सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हटलं, आणि त्यांना बसमध्ये चढवलं.

मी परत आले तेव्हा रोझेन लाटत होती. मागचं टेबल रिकामं होतं. ते बिघडलेले क्विन-अमान तिने पोत्यात भरून दाराशी ठेवले होते. तिने वर न बघता विचारलं, "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं. तापानंतर."

"मग आज कशाला आले? थट्टा करायला?"

इथे मी चुकले. मी गप्प बसायला हवं होतं, शब्द दिला होता. पण तिला वाटत होतं की बापाने तिची थट्टा केली, आणि ते खरं नव्हतं. मला वाटलं, खरं कळलं तर तिला बरं वाटेल. इतकी वर्षं बाप वासावरून ओळखून होता की तिचा क्विन-अमान आपल्यापेक्षा चांगला आहे, यापेक्षा मोठी पावती कुठली? म्हणून मी सगळं सांगितलं. ओदेतचं, वासाचं, धीर झाला नाही म्हणाले ते, लाकूड म्हणाले तेही.

ती लाटत राहिली. घडी घातली, वळवली, पुन्हा लाटलं. माझं सांगून झालं तरी तिने लाटणं थांबवलं नाही.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी समजत होते की त्यांना खरंच वाटतं, माझे हात गरम आहेत. जुनी माणसं, त्यांच्या बापाने सांगितलं, त्यांनी मानलं. असतात अशी माणसं. मला राग यायचा, पण मी म्हणायचे, मूर्ख आहेत, काय करणार. मूर्ख माणसाला माफ करता येतं, आर्मेल. मी तर केलंही होतं. कधीच." तिने लाटणं ठेवलं. "हे माफ कसं करू?"

"ते म्हणाले ना, चुकलं म्हणून."

"केव्हा म्हणाले? त्यांचं काही जात नव्हतं तेव्हा."

मी पुढे जाऊन काचा पुसल्या, पुसलेल्याच होत्या तरी.

चार वाजता नवे बारा तयार झाले. सगळ्यांना मिळाले. एक तुकडा मी खाल्ला, फार चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी सणाला ती कबरस्तानात गेली नाही. दरवर्षी आईसाठी पांढरी शेवंती ती स्वतः नेते. त्या वर्षी कुंडी माझ्या हातात दिली. मालक तिथे पुन्हा आले होते, आदल्या दिवशीच कुंडी ठेवली असूनही. कबरीपाशी उभे होते. मला एकटीला बघून त्यांनी माझ्या मागे रस्त्यावर नजर टाकली.

"दुकानात गर्दी आहे," मी म्हटलं.

"असणारच," ते म्हणाले. "सणाचा दिवस." तरी ते अर्धा तास थांबले. थंडी होती, मीही थांबले.

सोमवारी मालोची गाडी आली आणि गेली. रोझेन भट्टीपाशी होती.

नाँतहून ते दर रविवारी दुकानात फोन करायचे. अकरा वाजता. ती आवाज ओळखायची आणि फोन माझ्याकडे द्यायची. ते हवा विचारायचे, बंदरावर कोण मेलं ते विचारायचे, शेवटी म्हणायचे, "तिला वेळ नसेल." मी म्हणायचे, "गिऱ्हाईक आहे, मालक." कधी असायचं, कधी नसायचं. ती चार पावलांवर उभी राहून पाव मोजत असायची. एकदा मी फोनवर हात ठेवून तिला म्हटलं, "एक शब्द बोल. एक." तिने मान हलवली. तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता, ते मला जास्त वाईट वाटलं. नुसता थकवा होता.

मार्चमध्ये छातीत कफ भरून ते गेले. शेवटचे आठ दिवस इस्पितळात होते. मालोने दोनदा निरोप पाठवला. ती जायला निघाली होती, दुसऱ्या निरोपानंतर. बॅग भरली, माझ्याकडे किल्ल्या दिल्या, थांब्यापर्यंत गेली. अर्ध्या तासाने परत आली. काय झालं ते मी विचारलं नाही. ती अॅप्रन बांधून कामाला लागली. दोन दिवसांनी फोन आला.

दफन आमच्याकडेच झालं, ओदेतच्या शेजारी. निम्मं गाव आलं होतं. नंतर बारमध्ये सगळे जमले. मालो थोडा प्यायला होता, बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने सांगत होता, "पापा तिथे सगळ्यांना सांगायचे बरं का. नर्सना, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याला. माझी लेक क्विन-अमान करते, मी खाल्लाय, मीठ अगदी बरोबर असतं. शेवटपर्यंत तेच."

लोकांनी माना हलवल्या. बंदरावरचे जुने लोक, जे वर्षानुवर्षं गरम हाताच्या त्या वाक्यावर हसत आले होते, ते तिच्याजवळ येऊन हात हातात घ्यायला लागले. "शेवटी गुलवेनने मान्य केलं. बरं झालं, पोरी. बाप बापच असतो." प्रत्येकाला तिने "हो" म्हटलं. काराडेकबाई कोपऱ्यात होत्या. त्या दिवशी मीठ नव्हतं हे त्यांना माहीत होतं, आणि मालकांनी तो तुकडा त्याच दिवशी खाल्ला हेही एव्हाना त्यांना कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या काही बोलल्या नाहीत.

मी अजून तिच्याकडेच आहे. कामापुरतं आम्ही बोलतो, हसतोही कधी कधी. पण पूर्वी दुपारी दुकान बंद करून आम्ही दोघी मागे बसून कॉफी प्यायचो, ते आता नाही. ती म्हणते पाय दुखतात, आणि वर जाते.

उन्हाळ्यात एकदाच ती त्याबद्दल बोलली. आम्ही शटर ओढत होतो.

"तू मला ते सांगायला नको होतंस," ती म्हणाली.

"तू विचारलंस म्हणून सांगितलं."

"हो," ती म्हणाली, "विचारलं होतं खरं." आणि तिने कुलूप लावलं.